‘अग्नी’: आगीच्या वर्दीवर धावणाऱ्यांचा चित्रपट

राहुल ढोलकिया दिग्दर्शित ‘अग्नी’ हा हिंदी चित्रपट डिसेंबर 2024 मध्ये प्राइम व्हिडिओवर आला आणि आम्ही तो घरी सगळ्यांनी मिळून पाहिला. आपल्या नाशिकची सैयामी खेर त्यात अग्निशमन दलात आहे, हे एक कारण होतेच. दुसरे कारण जुने आहे. भद्रकालीतल्या आमच्या गल्लीत एका लाकडी वाड्याला आग लागली होती, तेव्हा बंब तोंडाशीच अडकला आणि शिंगाडा तलावाच्या अग्निशमन केंद्रातून आलेल्या जवानांनी पाइपाच्या गुंडाळ्या खांद्यावर टाकून आत धाव घेतली. फरशीवर चपटा पडलेला तो पाइप पाणी सुटताच फुगून लाकडासारखा कडक झाला आणि त्याचे तोंड धरून ठेवायला दोघे धट्टेकट्टे जवान लागले.

मुंबईत एकामागून एक लागणाऱ्या संशयास्पद आगींच्या मुळाशी जाऊ पाहणारा अग्निशमन दलातला विठ्ठल हा प्रतीक गांधीने संयमाने उभा केला आहे. त्याचा मेहुणा समित (दिव्येंदू) पोलिसात आहे, आणि विठ्ठलच्या मुलाला कौतुक आहे ते मामाचे. जीव धोक्यात घालून घरी परतलेल्या बापाला पोराच्या नजरेत जागा मिळू नये, हे दुःख चित्रपटाने फार प्रामाणिकपणे मांडले आहे आणि माझ्या मते तेच त्याचे खरे बळ आहे. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीत झालेल्या स्फोटात अग्निशमन दलाचे 66 जण मृत्युमुखी पडले, त्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी अग्निशमन सेवा दिन पाळतो. तरीही पोलिसांवर इतके चित्रपट निघत असताना या माणसांकडे हिंदी पडद्याने क्वचितच पाहिले.

आगीचे प्रसंग थरारक आहेत. उत्तरार्धात तपास सुरू झाला की मात्र पकड सुटते, धागेदोरे फार सहज हाती लागतात. जितेंद्र जोशी लक्षात राहतो. विठ्ठलच्या पत्नीच्या भूमिकेतील सई ताम्हणकरला आणखी प्रसंग मिळायला हवे होते, कारण वर्दी आल्यावर मागे राहणाऱ्या घराची गोष्ट तिच्याकडेच होती.

तरीही चित्रपट अवश्य पाहावा, आणि मुलांना बरोबर घेऊन पाहावा. तो संपल्यावर आईने विचारले, की वाडा जळाला त्या रात्री ते जवान पहाटेपर्यंत राखेवर पाणी मारत थांबले होते, तेव्हा त्यांना चहा कोणी नेऊन दिला होता का. आम्हा कोणालाच आठवेना.