डीऑक्सिट डी५ स्प्रे: पेडल स्टीलवाल्यांनी घ्यावा का? घ्यावा, पण स्टेजवर मारायला नाही

डीऑक्सिट डी५ म्हणजे जॅक-स्विचसारख्या विजेच्या जोडांवरचा गंज, मळ साफ करणारा स्प्रे. आधीच सांगतो, डबा चांगला आहे, घ्या. पण ज्या कारणासाठी बहुतेक जण घेतात, म्हणजे गिगच्या (कार्यक्रमाच्या) मधेच आवाज गेला की फुस्सकन मारायचा आणि पुढे चालू, त्यासाठी घेणार असाल तर नका घेऊ. ही गुरुवारी रात्री घरी बसून वापरायची वस्तू आहे. शनिवारी स्टेजवर काय करायचं ते वेगळं, तेही सांगतो खाली.

ज्यांना पेडल स्टील म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडे हवाइयन गिटार माहितीये ना, आडवी ठेवून वरून लोखंडी बार सरकवत वाजवायची, व्हॅन शिपलींनी हिंदी सिनेमाची गाणी वाजवली ती, तर तिचंच हे अमेरिकेत वाढलेलं भावंड. चार पायांवर उभी असते, ई नाइन (तारा जुळवायची एक पद्धत) नेकला दहा तारा, खाली जमिनीलगत पेडल्स, गुडघ्यांना लागतील असे लिव्हर, आणि पेडल दाबलं की ठरावीक तारांचा सूर वर चढतो. आता हिशोब करा. डावा पाय पेडल्सवर, उजवा पाय व्हॉल्यूम पेडलवर, दोन्ही गुडघे लिव्हरच्या मधे, डाव्या हातात बार, उजव्या हाताला पिक्स. काही बिघडलं तर मोकळं राहतं फक्त तोंड, आणि त्याचा उपयोग शिव्या घालायला, तोही समोर माइक चालू नसेल तर.

मी टेक्ससमध्ये असतो, नोकरी आयटीची आणि वीकेंडला एका कंट्री बँडमध्ये स्टील. इकडे डान्स हॉल संस्कृती आहे, न्यू ब्रॉनफेल्सचा ग्रीन हॉल १८७८ सालचा, ऑस्टिनचं ब्रोकन स्पोक १९६४ चं, आणि अशा जागी लोक ऐकायला बसलेले नसतात, नाचत असतात, टू-स्टेप चालू असतो. त्यामुळे स्टीलचा आवाज गेला म्हणून गाणं थांबवायची सोयच नाही. गायक मागे वळून एकदा बघतो आणि गातच राहतो. तुम्ही तुमचं निस्तरा.

आणि निस्तरायचं काय असतं? ॲम्प जळला, पिकअप मेला वगैरे नाटकी प्रकार फार क्वचित. बहुतेक वेळा धातूला धातू जिथे टेकतो तिथे ऑक्साइडचा पातळ थर बसलेला असतो, बस. गराजमध्ये सामान ठेवायचं, तिथे उन्हाळ्यात भट्टी, ह्यूस्टनकडे तर हवाच दमट, मग जॅक, स्विच, पॉट (आवाज कमी-जास्त करणारी फिरकी) सगळ्यांवर हळूहळू चढतो.

माझ्या बाबतीत झालेलं सांगतो. जुना सॉलिड-स्टेट ॲम्प, पंधरा इंची स्पीकर, कंपनीचं नाव राहू दे कारण हा रोग कुठल्याही कंपनीच्या ॲम्पला होतो. दुसऱ्या सेटमध्ये आवाज अचानक अर्धा आणि गोधडीखालून आल्यासारखा, मग एक नोट जोरात मारली की परत खणखणीत, मग परत गायब. वाटतं पॉवर ॲम्प गेला. तर नाही. मागच्या बाजूला इफेक्ट्स लूपचे (बाहेरचं इफेक्टचं यंत्र मधे जोडायची वाट) दोन जॅक असतात, सेंड आणि रिटर्न. रिटर्नमध्ये काही लावलेलं नसेल तेव्हा सिग्नल त्या जॅकच्या आतल्या एका बारीक स्प्रिंगच्या पट्टीतून पुढे जातो. लूप कोणी वापरतच नाही, म्हणजे त्या जॅकमध्ये वर्षानुवर्षं काही घातलंच जात नाही, पट्टी कधी घासली जात नाही, आणि गंजत बसते. स्टेजवरचा इलाज एकच, वीतभर पॅच कॉर्ड घ्यायची, सेंडमधून रिटर्नमध्ये लावायची, ती पट्टी बायपास झाली, आवाज आला. दोन गाण्यांच्या मधे होतं हे. ॲम्पच्या मागे ती कॉर्ड कायम लटकवूनच ठेवा ना.

मग डब्याचं काम काय? तर घरी गेल्यावर तोच जॅक कायमचा नीट करायचा. प्लग काढून ठेवायचा (वीज बंद म्हणजे खरंच प्लग काढलेला, नुसता स्विच बंद नाही), नळीने आत अगदी थोडं मारायचं, आणि मग एक पिन दहाबारा वेळा आत-बाहेर करायची. ही आत-बाहेर करणं मुख्य आहे, औषध थर मऊ करतं पण घासून काढायचं काम पिनच करते. नुसतं फवारून ठेवलं आणि फरक पडला नाही म्हणून एक स्टार देणारे लोक असतात ना, त्यांनी हे केलेलं नसतं. माझ्या ॲम्पला त्यानंतर त्या कॉर्डची गरज पडलेली नाही, तरी ती मी काढलेली नाही.

डबल नेकवाल्यांना (एकाच वाद्यावर दोन नेक, एक ई नाइन, दुसरा सी सिक्स असा वेगळा जुळवलेला) अजून एक फायदा, या दोन्हींमधला सिलेक्टर स्विच. बरेच जण अख्खा कार्यक्रम ई नाइनवरच काढतात, मग एखादं स्विंगचं गाणं आलं की सी सिक्सवर जायला स्विच टाकतात आणि तिकडे शांतता. इथे डी५ अक्षरशः जादू करतो. स्टीलच्या आउटपुट जॅकलाही तेच.

व्हॉल्यूम पेडलच्या बाबतीत मात्र जरा थांबा. साध्या पेडलमध्ये ५०० के च्या आसपासचा पॉट असतो, आणि स्टीलवाला तो पॉट जसा वापरतो तसा दुसरं कोणीच वापरत नाही. गिटारवाला आवाज एकदा लावून सोडून देतो, आपण प्रत्येक सुराला पाय हलवतो, सूर छेडला की मागून हळूहळू आवाज वाढवत त्याला ताणायचं, तेच तर सौंदर्य आहे या वाद्याचं. म्हणजे एका रात्रीत पॉट हजारो वेळा फिरतो. खरखर यायला लागली आणि कारण मळ असेल तर स्प्रेने जाते. पण आतला कार्बनचा ट्रॅकच झिजला असेल तर काहीही मारा, एका आठवड्यात खरखर परत. तो पॉट बदला. शिवाय डी५ हा मुळात साफ करणारा आहे, तो पॉटमधलं मूळचं ग्रीसही धुऊन नेतो, पेडल मग कोरडं आणि हलकं लागतं पायाला. फेडर आणि कंडक्टिव्ह प्लास्टिकच्या पॉटसाठी त्याच कंपनीचा फेडर एफ५ येतो, तो वंगण ठेवतो, पेडलसाठी मी तोच घ्या म्हणेन. दोन डबे घ्यायला लावणं ही कंपनीची हुशारी वाटते, पण फरक खरा आहे.

पॉट नकोच म्हणून काही जण हिल्टनसारखं ऑप्टिकल पेडल घेतात, त्यात इन्फ्रारेडवर काम चालतं, झिजायला पॉटच नाही. मस्त आहे ते, पण त्याला अडॅप्टर लागतो, आणि अडॅप्टर गेला किंवा कोणाच्या तरी पायाने निघाला की काहीच नाही. तेव्हा स्टेजवर आवाज गेला की सगळ्यात पहिली चाचणी ही, व्हॉल्यूम पेडल मधून काढा, स्टीलची केबल थेट ॲम्पमध्ये. आवाज आला? मग दोषी पेडल किंवा त्याची दुसरी केबल. नाही आला? दुसरी केबल लावून बघा. तरी नाही? मग ती लूपवाली कॉर्ड. याच क्रमाने, डोकं गरम न करता. व्हॉल्यूम पेडलशिवाय उरलेला सेट काढावा लागला तर सूर लांबवायच्या फंदात पडू नका, छोटे छोटे फिल्स (गाण्याच्या ओळींमधल्या जागा भरणारे तुकडे) घ्या, उजव्या तळहाताने तारा दाबून आवाज तोडा. टू-स्टेपवाल्यांना कळतसुद्धा नाही.

काही दुखण्यांवर डबा काहीच करू शकत नाही हेही लिहिलं पाहिजे. बारमधल्या निऑन पाट्यांमुळे सिंगल कॉइल पिकअपमध्ये येणारी घरघर जात नाही, त्यासाठी खुर्ची आणि स्टील थोडं तिरकं फिरवून बघा. आणि तार तुटली तर अर्थातच नाही. तुटते ती बहुतेक वेळा तिसरीच, जी शार्पची, ०११ ची (म्हणजे ०.०११ इंच जाडीची) बारीक तार. प्रचंड ताणावर असते आणि बी पेडल (खालच्या पेडल्सपैकी एक) दाबलं की चेंजरच्या (तार ओढून सूर बदलणाऱ्या यंत्रणेच्या) बोटावर प्रत्येक वेळी वाकते, तिथेच तुटते. पण ई नाइनची रचना काय डोकं लावून केलीये बघा, सहावी तार तोच सूर एक सप्तक खाली, आणि बी पेडल तिलाही तसंच चढवतं. म्हणजे तिसरी-पाचवीची जोडी वाजवत होतात ती पाचवी-सहावीवर न्या, वरचा सूर खाली आला एवढंच, गाणं पार पडतं. ब्रेकमध्ये तार बदला, आणि नवी तार लावल्यावर पेडल दाबून चढलेला सूरही जुळवायला विसरू नका, शेवटच्या नायलॉन नटवर, किल्ली खिशात पाहिजे.

चेंजरवर डी५ मारू नका, कोणीतरी व्हिडिओत मारताना दाखवलं असेल तरी. तिथे वंगणाचं काम आहे, हलकं मशिन ऑइल, तेही थेंबभर. आणि घरातलं साधं डब्ल्यूडी-४० पॉटमध्ये तर अजिबात नको, तेलकट थर राहतो आणि त्याला धूळ चिकटते.

किंमत वीस डॉलरच्या आसपास, पाच औंसाचा म्हणजे १४२ ग्रॅमचा डबा. महाग वाटतो, पण त्यात औषध फक्त पाच टक्के आणि बाकी बहुतेक धुऊन काढणारं द्रव्य हे माहीत असूनही मी परत घेतो, कारण एकदा घेतला की संपतच नाही. इथल्या मंडळाच्या गणपतीत कीबोर्डवाल्याच्या पिचव्हीलची करकर, साउंडवाल्याच्या मिक्सरचे जॅक, सगळं याच डब्यावर झालंय. पुण्याचे दोन मित्र येताना घेऊन ये म्हणतात, तर बाबांनो तो ज्वलनशील एरोसोल आहे, विमानात नाही आणता येत. त्याचं शंभर टक्केवालं द्रव छोट्या ट्यूबमध्येही येतं, थेंब थेंब लावायचं, जॅक आणि स्विचला ते पुरतं, तुमच्याकडे मिळालं तर ते बघा.

ज्वलनशील आहे म्हणूनच गिगला मधेच मारायचा नाही. मारल्यावर वाळू द्यावं लागतं, आणि गरम ॲम्पच्या मागे, शेजारी कोणी सिगारेट ओढत असताना, नको. व्हॉल्व्हवर एल, एम, एच अशा तीन खुणा आहेत, कायम एलवर ठेवा, एचवर चुकून दाबला गेला तर अर्धा डबा ॲम्पच्या तळाशी. आणि नळी डब्याला रबरबँडने बांधून ठेवा, ती हरवली की नेम धरता येत नाही आणि जॅकच्या आत काहीच पोचत नाही.