वलित थरांची प्रतिकृती: फोम उत्तम, ठिपका चुकीच्या जागी

साताऱ्यातील शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून मी पदवीच्या भूशास्त्र वर्गासाठी ‘वलित (म्हणजे घडी पडलेले) गाळखडक व युरेनियम’ ही प्रतिकृती २,८०० रुपयांना घेतली. अजिंक्यताऱ्याच्या कड्यात दिसणारे थर बेसाल्टचे आणि जवळजवळ आडवे आहेत, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या त्या लाव्ह्यात विद्यार्थ्यांना खडकाची घडी दाखवता येत नाही, म्हणून हा खर्च.

लाकडी चौकटीत फोमचे पाच रंगीत थर बसवलेले असून बाजूचा स्क्रू फिरवला की ते दाबले जाऊन एक अँटिक्लाइन (वर उचललेली कमान) आणि तिला लागून एक सिंक्लाइन (खाली वाकलेली घडी) तयार होते. कमान पुरेशी वाकली की माथ्यावरच्या थराचा बाहेरचा पृष्ठभाग ताणला जाऊन त्यावर बारीक चिरा उघडतात. निर्मात्याने हे मुद्दाम केले असेल असे वाटत नाही, परंतु घडी आणि युरेनियम यांचा खरा संबंध याच चिरांपासून सुरू होतो, कारण भूजलाला वाट त्यांतून मिळते.

मोठी चूक पिवळ्या ठिपक्याची आहे. तो कमानीच्या अगदी माथ्यावर रंगवला आहे, जणू युरेनियमसुद्धा खनिज तेलाप्रमाणे वर चढून तेथे अडकते. प्रत्यक्षात ते ऑक्सिजनयुक्त पाण्यात विरघळून सच्छिद्र वालुकाश्मातून उताराच्या दिशेने वाहत जाते आणि जेथे सेंद्रिय द्रव्य, पायराइट किंवा खालून झिरपलेला हायड्रोजन सल्फाइड भेटतो तेथे साचते. घडी फक्त उतार, वाटा आणि अडथळे ठरवते. अमेरिकेच्या युटामधील लिस्बन व्हॅली येथे चार्ल्स स्टीन यांना १९५२ मध्ये सापडलेले समृद्ध युरेनियम धातुक (धातू काढण्याजोगा खडक) अँटिक्लाइनच्या बाजूच्या उतारावर आहे. रंगही फसवा आहे: अशा साठ्यातील युरेनिनाइट हे युरेनियमचे खनिज काळे असते, पिवळेपणा हवापाण्याने बदललेल्या दुय्यम खनिजांचा.

सोबतच्या पत्रकात उदाहरण म्हणून झारखंडमधील जादुगुडा दिले आहे. तेथील धातुक मात्र सिंहभूमच्या कर्तन पट्ट्यातील (खडक एकमेकांवर घासून सरकलेल्या पट्ट्यातील) रूपांतरित खडकांत आहे, साध्या वलित गाळखडकांत नाही. मेघालयातील डोमियासियाटचे वालुकाश्म दिले असते तर निदान खडक तरी जुळला असता, जरी तेथे थर फारसे वलित नाहीत.

चूक दाखवल्यावर दुकानदारांनी ‘सर, कारखान्यातून माल असाच येतो’ असे सांगून प्रतिकृती बदलून देण्यास नकार दिला, मात्र वागणूक सौजन्याची होती. शेवटी मी ठिपका बारीक सॅंडपेपरने घासून काढला आणि उताराच्या बाजूला, वालुकाश्माच्या थरातच, काळ्या फॅब्रिक कलरने चंद्रकोर काढली, कारण वाहत्या पाण्यातून साचलेल्या अशा साठ्याचा छेद कोरीसारखा दिसतो. कोरीचा फुगीर भाग पाणी ज्या दिशेने जाते त्या दिशेला ठेवावा लागतो. पहिल्यांदा मीही तो उलटा काढला होता. थिनर वापरू नये, फोम विरघळतो. दोन सत्रांनंतर स्क्रूचे आटे झिजले आहेत, पण माथ्यावरच्या चिरा अजून नीट उघडतात.