जुन्या स्कूटरची पावसाळी तयारी: बडोद्याच्या दांडिया बाजारातील एका गॅरेजचा अनुभव

मे महिन्यात मी २०१८ सालची, ३१,००० किलोमीटर चाललेली, कार्बोरेटरची (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली) गिअरलेस स्कूटर विकत घेतली. त्याआधी मी कोणतेच वाहन चालवलेले नव्हते. माझा रोजचा रस्ता दांडिया बाजारातून काळा घोडा पुलावरून स्टेशनकडे आणि पुढे अलकापुरीच्या गरनाळ्यातून, म्हणजे रेल्वेखालच्या रस्त्यातून, जातो, आणि हे गरनाळे जोराच्या पावसात किती लवकर भरते हे बडोदेकरांना सांगायला नको. शिवाय २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचा पूर ओसरल्यावर नातेवाइकांच्या सोसायटीत चिखलाने माखलेल्या दुचाक्यांची रांग मी पाहिली होती, त्यामुळे पावसाळ्याआधी गाडी कुणा जाणत्याकडून तपासून घ्यायची, असे मी ठरवले होते.

प्रथम मी गाडी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये दिली. त्यांनी ती धुऊन, ऑइल बदलून, ‘सगळे ठीक आहे’ असे सांगून परत केली. आठवड्याभरात वळवाची एक सर आली, मी साधा ब्रेक दाबला आणि मागचे चाक घसरले. मी पडले नाही, पण पुढचे दोन दिवस गाडी काढायची भीती वाटत राहिली. तेव्हा शेजारच्या काकूंनी दांडिया बाजारातल्या या गॅरेजचा पत्ता दिला. जुन्या वाड्याच्या तळमजल्यावरची एक खोली आणि समोरचा ओटा, एवढाच त्याचा पसारा आहे.

गॅरेजच्या मेकॅनिक काकांनी गाडी स्टँडवर घेतली आणि मागच्या टायरच्या कडेवरचे चार आकडे मलाच वाचायला लावले. ते होते ३४१७, म्हणजे हा टायर २०१७ सालच्या चौतिसाव्या आठवड्यात तयार झाला होता. नक्षी अजून बऱ्यापैकी शिल्लक होती. पण खोबणींच्या तळाशी केसासारख्या भेगा होत्या आणि रबरात नख रुतवून पाहिले तर खूणही उमटत नव्हती. ‘‘ताई, लोक नक्षी बघून टायर ठेवतात, पण ओल्या रस्त्याला पकड देतं ते मऊ रबर,’’ असे ते म्हणाले. माझे चाक का घसरले, ते मला तेव्हा कळले.

त्यानंतर त्यांनी डाव्या बाजूचे कव्हर उघडले आणि खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर काळ्या भुकटीचा ढीग पडला. इंजिनची ताकद मागच्या चाकाला पोहोचवणारा पट्टा उलटा वाकवून दाखवला तेव्हा दात्यांच्या मुळाशी तडे दिसले, आणि मागचे-पुढचे हिसके ज्यांच्यामुळे बसत होते ते पट्ट्याच्या पुलीतले रोलर एका बाजूने चपटे झाले होते. कव्हरच्या कडेचे रबर फाटलेले असेल तर पाणी आत जाते, पट्टा पुलीवर घसरतो आणि इंजिन ओरडत असूनही गाडी पुढे सरकत नाही, हे त्यांनी समजावले व ते रबरही बदलले. तेल लावलेला कागदी एअर फिल्टर हवा मारून साफ होत नाही, तो बदलावाच लागतो, हे मला ठाऊक नव्हते. मागच्या ब्रेकचे लायनर संपत आले होते. ते नवे बसवून केबलमध्ये तेल सोडले आणि बॅटरीच्या टर्मिनलवरचे पांढरट क्षार घासून वर पेट्रोलियम जेली लावली.

मला सर्वांत मोलाची वाटली ती त्यांची नकार देण्याची सवय. मी खालून गंजरोधक कोटिंग करायचे का असे विचारले, तर पत्रा स्वच्छ आहे, पैसे घालवू नका, असे त्यांनी सांगितले. स्पार्क प्लगही चांगला असल्याने जुनाच ठेवला, फक्त त्याची तडा गेलेली टोपी बदलली, कारण पावसात तिथूनच ठिणगी निसटते. सगळे मिळून ३,८५० रुपये झाले, त्यात मागचा टायर आला, आणि काढलेले सुटे भाग पिशवीत घालून माझ्या हाती दिले.

जाण्याआधी त्यांनी मला कार्बोरेटरच्या तळाचा निचऱ्याचा स्क्रू सोडवून दाखवला. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतला ओलावा शोषते आणि पाणी जास्त झाले की ते तळाशी बसते, म्हणून गाडी बरेच दिवस उभी राहिली तर थोडे पेट्रोल काढून टाकावे. गाडी पाण्यात बंद पडली तर स्टार्टर दाबायचा नाही, ढकलतच बाहेर काढायची. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो, हे त्यांनी दोनदा बजावले.

उणिवा दोन आहेत. शनिवारी देतो म्हणालेली गाडी सोमवारी संध्याकाळी मिळाली आणि उशीर होणार असल्याचा फोनही आला नाही. बिलही मी मागितले तेव्हाच वहीच्या कागदावर लिहून मिळाले. जुलैच्या मोठ्या पावसात गरनाळे बंद असल्याने मी वळसा घालून, साचलेल्या पाण्यातून घरी आले, तरी गाडी कुठेही अडखळली नाही आणि ब्रेकही व्यवस्थित लागले. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे तिथे जायचे असेल तर मेच्या मध्यापर्यंत गाडी नेऊन सोडावी.