जाम झालेली कॅलिपर पिन: तेल, आच की नवा ब्रॅकेट?

डिस्क ब्रेकचे पॅड बदलायला चाक काढलं, खालचा बोल्ट सोडला, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) वर फिरवायला गेलं तर तो जागचा हलत नाही. किंवा कॅलिपर निघतो, पण तो जिच्यावर सरकतो ती पिन ब्रॅकेटमध्येच, म्हणजे कॅलिपर धरणाऱ्या चौकटीतच, रुतून बसलेली. ठाणे-नवी मुंबईत पावसाळा सरला की हे हमखास दिसतं. चार महिने गाडी घोडबंदर रोडवर साचलेल्या पाण्यातून जाते, रात्री ऐरोली-वाशीकडे खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात उभी राहते. पिनेच्या तोंडावरच्या रबरी टोपणाला, म्हणजे बूटला, एक बारीक चीर पडली की आत पाणी शिरायला तेवढी पुरते.

उपाय निवडण्याआधी एक ठरवून टाका: वाचवायचा आहे तो ब्रॅकेट, पिन नव्हे. गंजलेली पिन कितीही छान निघाली तरी ती परत बसवायची नाही. पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली की वरचा संरक्षक मुलामा जातो आणि पुढच्या पावसात तीच पिन पुन्हा धरते. पिन आणि बूटचा किट ब्रॅकेटपेक्षा बराच स्वस्त पडतो, म्हणून पिनेसाठी ब्रॅकेट पणाला लावू नये.

जाम पिनेवर नुसते नवे पॅड चढवून देणं हा पर्याय धरूच नका. पिस्टन एकाच बाजूला असतो, बाहेरचा पॅड डिस्कवर दाबला जातो तो कॅलिपर पिनांवर सरकतो म्हणून. पिन अडली की आतला पॅड झिजून जातो, बाहेरचा जाडच राहतो, किंवा पॅड पाचरीसारखा तिरपा झिजतो. ब्रेक सोडल्यावर पॅड मोकळा होत नाही, डिस्क तापते, ॲव्हरेज पडतं.

आता परीक्षा. कॅलिपरचा बोल्ट सोडताना मागे पिनेच्या चपट्या कडांवर पातळ फिक्स पाना धरावा लागतो, नाहीतर बोल्टबरोबर पिनही फिरते. तोच पाना धरून पिन स्वतःभोवती फिरते का ते बघा. ओढू नका, फक्त फिरवा.

पिन रबरासारखी थोडी वळते आणि सोडली की मागे येते, गंजाची पूड मात्र दिसत नाही? मग गंज नाहीच. एका पिनेच्या टोकाला रबरी बुश असतो, तो चुकीच्या ग्रीसने फुगलेला आहे. इथे तेल मारलंत तर रबर आणखी फुगेल. फिरवत-फिरवत जोर लावून ओढा, बुश फाटला तरी हरकत नाही.

थोडी फिरते आणि तपकिरी पूड निघते, तर तेलाचा मार्ग. कॅलिपर काढून तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा, त्याचं वजन ब्रेकच्या होजवर येऊ देऊ नका. ब्रॅकेटचे मागचे दोन बोल्ट (बहुतेक छोट्या गाड्यांत १७ मिमीचे) सोडून ब्रॅकेट वाईसमध्ये असा धरा की पिनेचं तोंड वर येईल. बूट सोलून काढा आणि गंज सोडवणारं पेनिट्रेटिंग तेल तोंडाशी सोडा. गाडीवरच आडव्या पिनेवर मारलेला स्प्रे आत मुरण्याऐवजी खाली गळून जातो, घरचे बहुतेक प्रयत्न इथेच फसतात. तासाभराने छोट्या हातोडीने ब्रॅकेटच्या कानावर (पिनेचं भोक असलेल्या भागावर), पिनेवर नव्हे, हलके ठोके द्या. मग उलट-सुलट, आधी थोडंसं, मग पाव फेरा. पूड पुसा, पुन्हा तेल. पूर्ण फेरा सहज फिरला की ओढायला घ्या. निघाली नाही, तर पिनेत तिच्याच आट्यांचा लांब बोल्ट घाला, पिनेच्या डोक्यापेक्षा मोठी गोटी (सॉकेट) ब्रॅकेटवर टेकवा, वर जाड वॉशर ठेवा आणि नट आवळत जा. पिन वर येते. न फिरणाऱ्या पिनेवर ही युक्ती केली तर आतले आटेच निघून येतात.

रात्रभर तेलात ठेवूनही फिरत नसेल तर आच. हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये नको, वागळे इस्टेट किंवा तुर्भेच्या वर्कशॉपमध्ये सुटा ब्रॅकेट घेऊन जा. बूट आधी काढलेले हवेत. ज्योत ब्रॅकेटच्या कानावर सगळीकडून फिरवायची, पिनेवर नाही: बाहेरचा भाग फुगला तर पकड सुटते. लाल करायचा नाही, गरम असताना पाण्यात बुडवायचा नाही, बीड (ओतीव लोखंड) तडकतं. आणि एक कळकळीने सांगायचं आहे: क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने धुतलेल्या भागावर ज्योत धरू नका, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

नवा ब्रॅकेट कधी? पिन तुटली, कान तडकला, किंवा पिन निघाल्यावर भोकात खड्डे दिसले तर. पिन तुटली असेल तर लेथवर भोक मोठं करून घेण्याचा मोह टाळा, भोक केसभर तिरपं झालं तरी कॅलिपर पुन्हा अडकतो. ब्रॅकेट बदलायला ब्रेकची लाइन उघडावी लागत नाही, एअर काढावी लागत नाही. पूर्ण कॅलिपर बदलला तर दोन्ही करावं लागतं, म्हणून दुकानदाराने अख्खी असेंब्ली पुढे केली तरी आधी सुटा ब्रॅकेट मिळतो का ते विचारा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडचा जुना ब्रॅकेटही चालतो, भोक आतून गुळगुळीत असेल तर.

आमचा कौल: फिरणाऱ्या पिनेला घरीच एक दिवस द्या. न फिरणारीवर फक्त एकदाच आचेचा प्रयत्न करा. तरीही नाही, तर ब्रॅकेट घ्या, हातोडा नको.

बसवताना सिलिकॉनचं किंवा ब्रेकच्या रबराला चालणारं सिंथेटिक ग्रीसच घ्या, चेसिसचं पिवळं ग्रीस नको. पिनेवर पातळ थर पुरे. भोक ठासून भरलं तर आत हवा कोंडते आणि पिन बाहेर ढकलली जाते. बुशची पिन ज्या भोकातून निघाली त्यातच जाते, वर की खाली हे गाडीगणिक वेगळं. बूटची कड पिनेच्या खाचेत बसली का ते बोटाने चाचपा. हाताने दाबल्यावर पिन सहज आत जायला हवी. शेवटी, गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा, पहिले दोन-तीन दाब रिकामेच जातात.