निवडक एजंट की सगळ्यांना खुली विक्री?

नव्या इमारतीतले फ्लॅट एजंटांमार्फत विकताना बिल्डरपुढे दोन वाटा असतात. पहिलीत ठरावीक एजंटांनाच आधी दरपत्रक आणि नकाशे मिळतात. ते ग्राहकांच्या पसंतीचे अर्ज भरून देतात. कोणाला कोणता फ्लॅट द्यायचा ते बिल्डर ठरवतो. पूर्वी भरपूर विक्री करून दिलेल्या एजंटाचा अर्ज साहजिकच वर सरकतो. बिल्डरला मोठा फायदा वेगाचा, कारण बांधकामासाठी कर्ज देण्याआधी बँका बहुधा काही फ्लॅट विकले गेलेत का ते पाहतात. ग्राहकाला मात्र विचार करायला फार थोडा वेळ मिळतो, आणि तेच मला खटकतं.

दुसऱ्या वाटेत कोणताही परवानाधारक एजंट ग्राहक आणू शकतो. इथे घाई कमी, करार नीट वाचायला सवड. पण ही वाट अनेकदा पहिल्या फेरीनंतरच उघडते. तोवर चांगल्या उजेडाचे फ्लॅट गेलेले असतात, दरही चढलेला असू शकतो.

कमिशन दोन्हीकडे साधारणपणे बिल्डरच देतो. म्हणून ‘माझ्याकडे खास कोटा आहे’ असं एजंट म्हणाला, तर त्याला किती आणि कधी मिळणार हे सरळ विचारा. स्वतः राहायला घर घेणाऱ्याला मी दुसरी वाटच सुचवेन.