सर्चलाइट टॉर्च, आठ महिने वापरून: लुमेन मागाहून, आधी चार्जिंगचं झाकण बघा

दहा रुपयांच्या रबरासाठी सव्वातीन हजारांची टॉर्च जवळजवळ भंगारात गेली होती. त्या रागात हे लिहायला बसलोय. फेब्रुवारीत घेतली तेव्हा तिसऱ्याच दिवशी दोन ओळी खरडून पाच तारे दिले होते आणि ते अजून माझ्या नावावर दिसतात. ते चुकीचे होते. पावसाळा गेल्याशिवाय मुंबईत कुठल्याही टॉर्चला तारे देऊ नयेत.

कंपनीचं नाव लिहीत नाही. याच साच्यातला माल तीन-चार नावांनी मिळतो, त्यामुळे एकाच नावावर बोट ठेवण्यात अर्थ नाही. वर मूठ, पुढे वाटीएवढी काच, बाजूला पसरट उजेडाची पांढरी पट्टी, खांद्याला लावायचा पट्टा, आत 18650 या आकाराचे तीन लिथियम सेल. हा प्रकार तुम्ही पाहिलेला असणारच.

आम्ही मुलुंड पश्चिमेला राहतो. सोसायटीची मागची भिंत संपली की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर लागतो. भिंतीशी कचरा साठला की कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून रात्री अकराला वॉचमन काकांबरोबर एक फेरी असते आणि आम्ही आळीपाळीने जातो. माझा वार गुरुवार. आधीची टॉर्च लेड-ॲसिडची होती. ती चार्ज न करता दोन पावसाळे माळ्यावर राहिली आणि मेली. लेड-ॲसिडची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आत सल्फेट धरतं आणि मग ती पुन्हा उभी राहत नाही. म्हणून या वेळी लिथियम.

खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘1 किलोमीटर’ लिहिलेलं होतं आणि त्यालाच मी भुललो. हा आकडा कसा काढतात ते नंतर समजलं. झोत ज्या अंतरावर 0.25 लक्सवर येतो, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या स्वच्छ चांदण्याइतका उरतो, ते त्या टॉर्चचं ‘अंतर’ धरतात. एक किलोमीटरसाठी झोताची तीव्रता 2,50,000 कँडेला लागते. पण चांदण्याइतक्या उजेडात किलोमीटरभर लांबचं झुडूप कुठलं आणि जनावर कुठलं हे कोण सांगणार? अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, पाव केलं की सोळापट. तेव्हा खोक्यावरच्या आकड्याला चारने भागा आणि तेवढंच खरं धरा. आमची भिंत गेटपासून साठ मीटरवर आहे. त्यासाठी तीनशे मीटरवाली टॉर्चसुद्धा पुरली असती आणि हजार-बाराशे रुपये वाचले असते.

लुमेनचंही, म्हणजे टॉर्च एकूण किती उजेड टाकते त्या आकड्याचंही, तसंच. प्रमाणित मोजणीत लुमेन बघतात ते चालू केल्यावर तिसाव्या सेकंदापासून पुढच्या दीड मिनिटात. माझी टॉर्च चौथ्या-पाचव्या मिनिटाला गरम होऊन आपणहून उजेड उतरवते आणि मे महिन्यात त्याआधीच. एलईडी जळू नये म्हणून तसं केलेलं असतं, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र ‘8 तास चालते’ हा आकडा उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो, हे विकत घेण्याआधी माहीत असायला हवं. शेवटचे कित्येक तास ती नुसती मिणमिणत असते.

मार्चमधली एक रात्र मात्र या टॉर्चच्या जमेला धरतो. भिंतीच्या कडेने जाताना काका थांबले आणि म्हणाले, “साहेब, तिकडं डोळे आहेत.” मी झोत मारला. पान न् पान दिसत होतं, पण डोळे कुठेच नाहीत. काकांच्या हातात त्यांची दोन सेलची जुनी बॅटरी होती आणि ती त्यांनी कानशिलाला लावली होती. “कमरेशी नका धरू, डोळ्याजवळ धरा.” माझी टॉर्च उचलून गालाशी आणली आणि वीस पावलांवर कठड्यावर दोन ठिपके लखकन पेटले. उदमांजर होतं. निशाचर प्राण्यांच्या डोळ्यात मागे आरशासारखा थर असतो आणि तो उजेड आला त्याच वाटेने परत पाठवतो. टॉर्च कमरेशी असेल तर परतलेला उजेडही कमरेकडेच येतो, आपल्या डोळ्यांत पोचत नाही. त्या रात्री तशीच गालाशी धरून मी डोंगराचा उतार बघितला. गवतात शेकडो बारीक ठिपके दवासारखे चमकत होते आणि ते सगळे कोळ्यांचे डोळे होते. सोळा वर्षं त्या भिंतीशेजारी राहतोय, हे कधी पाहिलं नव्हतं.

यातूनच एक खोट लक्षात आली. वर मूठ असलेली टॉर्च हात खाली सोडून चालण्यासाठी घडवलेली असते. पाऊण किलोचं धूड गालाशी धरून पाच मिनिटांत मनगट भरून येतं. जनावरांवर लक्ष ठेवायला सरळ नळीची किंवा पिस्तुलासारखी मूठ असलेली बरी. दुसरी खोट बटणाची. एकच बटण, पहिल्या दाबाला पूर्ण झोत, दुसऱ्याला निम्मा, तिसऱ्याला लुकलुक, चौथ्याला बंद. जनावराच्या डोळ्यांत आधी पूर्ण झोत मारल्याशिवाय मंद उजेड मिळतच नाही. एप्रिलमध्ये बिबट्या खरोखरच कठड्यावर बसलेला दिसला तेव्हा मी टॉर्चचं तोंड जमिनीकडे वळवूनच बटण दाबलं. दिसलाच तर झोत खाली घ्यावा, त्याची वाट मोकळी ठेवावी, गर्दी करू नये आणि वनविभागाला 1926 वर फोन लावावा. टॉर्चचं काम आपल्याला रस्ता दाखवणं आणि आपण आहोत हे त्याला दुरून कळवणं एवढंच. त्याला दिपवणं हे तिचं काम नाही.

जूनच्या आरंभी राजमाचीला काजव्यांसाठी गेलो तेव्हा ती सॅकमधून काढलीच नाही आणि तुम्हीही काढू नका. काजव्यांचे नर-मादी लुकलुकण्यावरूनच एकमेकांना शोधतात. असल्या एका झोताने अख्ख्या झाडाचा खेळ बंद पडतो.

पाऊस लागल्यावर माझं मत पहिल्यांदा बदललं. लांब मारा करणाऱ्या टॉर्चचा पावसात आणि धुक्यात उपयोग फार थोडा. गालाशी धरली तर प्रत्येक थेंबावरून उजेड डोळ्यांत परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. तेव्हा ती गुडघ्याशी धरावी लागते. मोटारीचे धुक्याचे दिवे खाली बसवतात ते याचसाठी. आणि पावसाळ्यातली आमची खरी भीती साठ मीटरवर नसते, ती पावलापुढे असते. घोणस, नाग, मण्यार, फुरसं हे चारही विषारी साप मुंबईच्या टापूत आहेत. त्यांचे डोळे मांजरासारखे चमकून इशारा देत नाहीत. त्यासाठी पायापुढच्या तीन-चार मीटरवर एकसारखा, कडा नसलेला उजेड हवा. जी बाजूची पांढरी पट्टी मी फेब्रुवारीत फुकटची भर समजलो होतो, तिने जुलै-ऑगस्टमध्ये सगळं काम केलं. मोठा झोत आठवड्यातून दोन मिनिटं लागला असेल.

आता झाकण.

चार्जिंगचं यूएसबी-सी भोक मुठीच्या मागे, वरच्या अंगाला आहे. म्हणजे टॉर्च हातात घेऊन पावसात चालताना ते थेट आभाळाकडे बघत असतं. भोवती खोलगट वाटी आहे, तिच्यात पाणी साचतं. त्यावर रबराचं झाकण, आणि ते अंगाला धरून ठेवणारी शेपटी काडेपेटीच्या काडीहूनही बारीक. आठवड्यातून एकदा चार्ज करायचं म्हणजे आठवड्यातून एकदा ती शेपटी त्याच जागी दुमडायची. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती तुटली. पंचवीसेक वेळा उघडली असेल, त्यापेक्षा जास्त नाही. झाकण खिशात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी हरवलं.

पाण्यापासून संरक्षणाचा जो आकडा खोक्यावर असतो, तो अशा टॉर्चमध्ये झाकण घट्ट बसलेलं असतानाच खरा. यूएसबी-सीच्या त्या इवल्या भोकात 24 टोकं दाटीने बसलेली असतात. ओल असताना चार्जर लावला की त्यांच्यामध्ये वीज झिरपते आणि धातू खायला लागते. पुढच्या दोन गुरुवारी मी वर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली. तिसऱ्या गुरुवारी चार्जरचा दिवा लाल-हिरवा लुकलुकायला लागला. आत बघितलं तर टोकांवर हिरवट थर.

सर्व्हिस सेंटर अंधेरी पूर्वेला, एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावरचा गाळा. अर्धी सुट्टी टाकून घाटकोपरहून मेट्रोने गेलो. काउंटरवरचा मुलगा नम्र होता, त्याच्यावर माझा राग नाही. पण उत्तर असं: झाकण वॉरंटीत येत नाही, ते झिजणारी वस्तू आहे. पाणी गेलं म्हणजे फिजिकल डॅमेज, तेही वॉरंटीत नाही. सुटं झाकण मिळत नाही, पूर्ण बॉडी घ्यावी लागेल, 1,450 रुपये आणि तीन आठवडे. मी विचारलं, झिजणारी वस्तू आहे तर ती सुटी विकत का नाही? याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं आणि त्याच्या साहेबांकडेही नव्हतं. साहेबच म्हणाले, “यात पैसे घालण्यापेक्षा नवीनच घ्या.” मी ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवली. आठवड्याने कंपनीचं उत्तर आलं: पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट. ज्याची वस्तू सहा महिन्यांत निकामी झाली, त्याला दुसरी विकण्याची ही तऱ्हा मला अपमानास्पद वाटली.

शनिवारी मस्जिद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेलो. ऑइल सील, ओ-रिंग असल्या यंत्रांच्या रबरी वस्तूंच्या एका दुकानात टॉर्च काउंटरवर ठेवली. दुकानदाराने भोकाभोवतीच्या वाटीत बोट घालून बघितलं, मागच्या डब्यातून सिलिकॉनची बुचं काढली, तिसरं बसवलं. घट्ट. “दहा रुपये.” मी दोन घेतली. शेपटी नाही म्हणून हरवायची भीती होती, तर त्यानेच टोकाला भोक पाडून दिलं. त्यात मी नायलॉनची दोरी ओवून मुठीला बांधली.

घरी येऊन चार स्क्रू काढून टॉर्च उघडली. भोकातली घाण आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ केली आणि दोन दिवस उघडी ठेवली. इथे दोन गोष्टी कळल्या. सेलवर 2,600 mAh (सेलमध्ये किती वीज मावते त्याचा आकडा) लिहिलेलं होतं, म्हणजे तिन्ही मिळून 7,800. खोक्यावर 10,000 आहे. हे खोटं आहे आणि ते लिहायला त्यांना कुणी भाग पाडलेलं नव्हतं. (रस्त्यावर 9,900 छापलेला एकेकटा सेल मिळतो, तो तर हातात धरू नका. 18650 च्या आकारात साडेतीन हजारांच्या फार वर काही मावत नाही.) पण दुसरी गोष्ट चांगली निघाली: सेल टाके मारून जखडलेले नाहीत, कप्प्यात स्प्रिंगवर बसलेले आहेत. चार-पाच वर्षांनी ते थकले की एकाच चांगल्या बनावटीचे तीन नवे टाकून पुढे वापरता येईल. एवढ्या एका कारणासाठी मी ती टाकून दिली नाही. चार्ज नीट होते आहे.

गणपतीत गावी तीन रात्री वीज नव्हती. टॉर्च छताकडे तोंड करून कोपऱ्यात ठेवली, निम्म्या उजेडावर. चुन्याच्या पांढऱ्या छतावरून पूर्ण ओटी उजळली आणि आरती त्याच उजेडात झाली. आईने विचारलं, केवढ्याला पडली. झाकणासकट आकडा सांगितला.

आज कुणी विचारलं तर म्हणेन, दुकानात टॉर्च हातात घेतल्यावर काच आणि लुमेन बघायच्या आधी तिचं झाकण वीस वेळा उघडझाप करा. दुकानदार वैतागला तरी करा. शेपटी रुंद आहे का, भोक खालच्या किंवा बाजूच्या अंगाला आहे का, सुटं झाकण मिळतं का आणि केवढ्याला, हे बिल करण्याआधी विचारा. पहिल्या दाबाला मंद उजेड देणारी मिळाली तर जास्त पैसे द्या. सेल बदलता येत नसतील तर घेऊ नका. माझे पाच तारे मी आता तीनवर आणतोय. त्यातले दोन बाजूच्या पट्टीला, एक त्या सेलच्या कप्प्याला.

याच साच्याची टॉर्च असेल आणि झाकण गेलं असेल, तर भोकाभोवतीच्या वाटीचा व्यास मोजा. माझा 12 मिलिमीटर भरला, बूच 13 चं लागलं. दुसरं बूच वॉचमन काकांच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगून ठेवलंय.