भूकंपलेखांवरचे आठ आठवडे: एका उन्हाळी इंटर्नशिपचे परीक्षण

भूकंपशास्त्र आणि मशीन लर्निंग यांची सांगड घालणारी आठ आठवड्यांची उन्हाळी संशोधन इंटर्नशिप मी नुकतीच पूर्ण केली. संस्थेचे नाव येथे घेत नाही, कारण स्टायपेंडचा दुसरा हप्ता अजून यायचा आहे.

जाहिरातीत मशीन लर्निंग हे शब्द ठळक होते, त्यामुळे आलेल्यांत संगणकशास्त्राचेच विद्यार्थी अधिक होते. प्रत्यक्षात पहिले तीन आठवडे मी कोयना परिसरातील जुने भूकंपलेख, म्हणजे जमिनीच्या थरथरीच्या नोंदी, पडद्यावर मोठ्या करून पी (आधी पोहोचणारी, वेगवान) आणि एस (मागून येणारी, संथ) या भूकंपलहरी नेमक्या कोणत्या क्षणी पोहोचल्या, याच्या खुणा हाताने करत होते. 10 डिसेंबर 1967 च्या 6.3 तीव्रतेच्या भूकंपानंतर आजवर या भागात लहानमोठे धक्के बसतच आले आहेत आणि जलाशयाशी जोडल्या गेलेल्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी जगभरात हा प्रदेश ओळखला जातो. त्यामुळे नोंदींचा तुटवडा नव्हता. तुटवडा होता तो माझ्या धीराचा.

तरीही या इंटर्नशिपचा खरा लाभ त्याच तीन आठवड्यांत झाला, असे माझे मत आहे. दोन लहरींमधले अंतर दोन सेकंदांचे असले, की भूकंप नोंद घेणाऱ्या केंद्रापासून साधारण 16 किलोमीटरवर झाला, हा ठोकताळा तेथे अंगवळणी पडला. तेथील एक ज्येष्ठ तंत्रज्ञ, ज्यांना सगळे काका म्हणत, माझ्या एका खुणेकडे पाहून म्हणाले, "हा भूकंप नाही, खाणीतला सुरुंग आहे. एस लहर किती दुबळी आहे बघ, आणि वेळ बघ, दुपारची." अशा नोंदी मी भूकंप म्हणून आमच्या खुणांवरून शिकणाऱ्या संगणकीय मॉडेलला शिकवल्या असत्या, तर त्यानेही तेच गिरवले असते.

पुढे फेजनेट हे पी आणि एस लहरींच्या वेळा आपोआप ओळखणारे, कॅलिफोर्नियातील नोंदींवर घडवलेले मॉडेल आम्ही कोयनेच्या नोंदींवर वापरून पाहिले आणि नंतर स्थानिक खुणांच्या आधारे त्याचे पुन्हा प्रशिक्षण केले. माझा पहिला निकाल इतका उत्तम आला, की मार्गदर्शक मॅडमना लगेच शंका आली. एकाच भूकंपाच्या वेगवेगळ्या केंद्रांवरील नोंदी मी प्रशिक्षण आणि चाचणी अशा दोन्ही संचांत विखुरल्या होत्या, म्हणजे परीक्षेतले प्रश्न आधीच फुटले होते. भूकंपवार विभागणी केल्यावर आकडे खाली आले. मॅडमनी मात्र अहवालात दोन्ही निकाल ठेवायला लावले. असे मार्गदर्शन मिळणार असेल, तर बाकीच्या गैरसोयी मी पुन्हा सोसेन.

त्या गैरसोयीही थोड्या नव्हत्या. संपूर्ण विदा (डेटा) पाहण्याची परवानगी चौथ्या आठवड्यात मिळाली, तोवर मोजक्याच फायलींवर भागवावे लागले. जीपीयू (मॉडेलच्या प्रशिक्षणाला लागणारा वेगवान प्रोसेसर) असलेला एकच संगणक सहा जणांत असल्याने रात्रीची पाळी लावावी लागे. वसतिगृहाच्या जेवणाबद्दल न बोललेलेच बरे.

पायथन येत असेल, पण भूकंपलेख कधी पाहिला नसेल, तर अर्ज अवश्य करावा. केवळ मॉडेलचा अनुभव बायोडेटात हवा असणाऱ्यांचा मात्र पहिल्याच आठवड्यात हिरमोड होईल. आमच्या तुकडीतील दोघे दहाव्या दिवशी परत गेले. अर्ज करताना विदेच्या परवानगीची तारीख आणि स्टायपेंडचे हप्ते या दोन गोष्टी ईमेलवर लेखी मागून घ्याव्यात.